घोरणं थांबतं तेव्हा

इंदूरच्या मराठी घरात घोरणाऱ्याची थट्टा होते, काळजी कुणी करत नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला गराडू आणि वर रबडी चापून आलेले काका आडवे होताच सूर लावतात आणि घर म्हणतं, ‘काय ढाराढूर झोप आहे!’ नीट कान दिला तर मध्येच सूर तुटतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग गचका बसून श्वास सुरू. हाच ॲप्निया. पुढे श्वासाचा ग्रीक शब्द आणि आधी नकाराचा ‘अ’, आपल्या ‘अशक्त’मधलाच.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा फार मंदावला तर तो एक खंड. तासाला १५ झाले की आजार मध्यम, ३० झाले की गंभीर, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले तेव्हा या आजाराचं नाव वर्तमानपत्रांत आलं, चार दिवस चर्चा झाली, विषय मिटला.

आम्हाला काकांपेक्षा ड्रायव्हरची चिंता जास्त आहे. इंदूरहून पुण्या-मुंबईला रोज रात्री बसगाड्या भरून जातात. मानपूरचा घाट, सेंधव्यापुढचा बिजासन घाट, मग धुळे. ड्रायव्हर दिवसा झोपला होता, एवढ्या भरवशावर आपण मागे पांघरूण ओढतो. ॲप्निया असलेला माणूस आठ तास झोपूनही पेंगतो. लायसन्सच्या फॉर्ममध्ये फिट्स येतात का, चक्कर येते का, हे विचारतात. घोरता का, दिवसा डोळा लागतो का, हे नाही. युरोपीय संघानं २०१४ सालीच हा आजार वाहनचालकांच्या नियमांत घातला.

उपाय नाही असंही नाही. नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ सालीच मांडली. पण घोरतो असं कबूल केलं तर लायसन्स जाईल, या भीतीनं ड्रायव्हर खरं सांगणार नाही. म्हणून तपासणीचा आणि या हवेच्या मशीनचा खर्च बसमालकाच्या माथी हवा. आणि चौकशी ड्रायव्हरच्या बायकोकडे करावी. तिला सेकंदसुद्धा पाठ असतात.