अभ्यासाची सोबत

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत सकाळी सातच्या सुमारास चक्कर मारली, तर पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन अभ्यासिकेकडे निघालेली मुले-मुली दिसतात. बहुतेक जण स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून आलेले. यांतील काहींना राहत्या खोलीतही बसायला जागा असते. तरीही महिन्याचे शुल्क भरून ही मुले हातभर रुंदीच्या टेबलाशी दहा-बारा तास बसतात. कारण विचारावे तर उत्तर मिळते, ‘शेजारचा वाचत असला की उठवत नाही.’ ज्यांना अभ्यासिका परवडत नाही, त्यांनी अलीकडे निराळा मार्ग शोधला आहे. कोणी अनोळखी विद्यार्थी तासन्‌तास मुकाट वाचत बसला आहे, असे चित्रण मोबाइलवर लावायचे आणि त्याच्यासोबत आपणही वाचायला बसायचे. घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो. तो तसा नाही. मात्र अशा सोबतीला एक मर्यादा आहे, आणि तिचा विचार ना मुले करतात ना पालक.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. सायकल शर्यतींच्या नोंदी तपासताना त्यांच्या ध्यानात आले होते की, एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत असलेला सायकलपटू अधिक वेगाने जातो. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला दिले. कधी एकेकट्याने, कधी जोडीने. जोडीत २० मुलांचा वेग वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेल्या १० जणांचे काम बिघडले. सोबतीची महती सांगताना पहिल्या वीस जणांचा दाखला दिला जातो. प्रस्तुत लेखकाला कुतूहल आहे ते त्या शेवटच्या दहा जणांचे.

अशा बिघाडाचा पटणारा उलगडा होण्यास १९६५ साल उजाडावे लागले. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी असे मांडले की, दुसऱ्याच्या नुसत्या उपस्थितीने मन आणि शरीर उत्तेजित होते, आणि त्या अवस्थेत जे अंगवळणी पडलेले असते तेच आधी बाहेर येते. काम सरावाचे असेल तर ते झपाट्याने होते. नवे असेल तर चूकच आधी हजर होते. १९६९ मध्ये झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर पडताळून पाहिले. इतर झुरळे प्रेक्षक म्हणून बसवली, तेव्हा सरळ वाटेवर धावणारे झुरळ अधिक वेगाने धावले. चक्रव्यूहात मात्र त्याला वाट सापडायला अधिक वेळ लागला. झुरळाला ना अब्रूची काळजी, ना निकालाची!

पडद्यावरच्या सोबतीचे काय? २००७ मध्ये जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पार्क आणि कॅट्राम्बोन यांनी संगणकावर निर्माण केलेल्या आभासी व्यक्तीच्या उपस्थितीत लोकांना विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द जुळवणे, चक्रव्यूह सोडवणे, गणिते करणे अशी कामे दिली. सोपी कामे एकट्याने करण्यापेक्षा चांगली झाली, अवघड कामे एकट्याने करण्यापेक्षा वाईट. सोबत आभासी होती म्हणून तिचा लाभ नाहीसा झाला नाही, तशी हानीही टळली नाही. मोबाइलवरच्या चित्रणातला विद्यार्थी आपल्या पुस्तकात मान घालून असतो, आपल्याकडे पाहत नसतो. त्यामुळे त्याचा परिणाम अगदी तसाच होईल असे म्हणणे घाईचे ठरेल. पण दिशा स्पष्ट आहे.

हे सारे आताच सांगण्याचे कारण आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ च्या प्रारंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत पाठांतर, उजळणी आणि वेग यांना मोल होते. तेथे चाळीस जणांच्या रांगेत बसणे उपकारकच होते. वर्णनात्मक उत्तर लिहायचे म्हणजे आधी मुद्दा पचवावा लागतो, वाक्य खोडावे लागते, पुन्हा लिहावे लागते. शेजारच्याची पाने भराभर उलटत असताना हे साधत नाही. मनात आधी येते ते मार्गदर्शक पुस्तकातले पाठ वाक्यच. चाणक्यनीतीत तप एकट्याने, अध्ययन दोघांनी आणि गायन तिघांनी करावे असे सांगितले आहे. अध्ययनाला दोघे, चाळीस नव्हेत! दोघांत एक विचारतो, दुसरा समजावतो. अभ्यासिकेत तर बोलण्यासच मनाई असते.

घरातही हीच गल्लत होते. मूल अपूर्णांकांची बेरीज पहिल्यांदाच करत असते आणि आई किंवा बाबा खांद्यावरून वहीत डोकावत असतात. हेतू चांगला, पण त्या क्षणी मुलाची पेन्सिल अडते. २०२० मध्ये शाळा घरात आली तेव्हा ही पहारेदारी घरोघर पाहायला मिळाली. पाढे म्हणून घेताना अवश्य समोर बसावे. नवी रीत एकदा समजावून झाली की खोलीतून उठावे. उमेदवारीच्या काळात माझ्या पाठीमागे उभे राहून एक ज्येष्ठ सहकारी माझा अनुवाद वाचत असत. त्या दिवसांतली माझी वाक्ये आज वाचवत नाहीत. ते गृहस्थ चहाला गेले की मात्र बरे जमत असे.

नगरपालिका, विश्वस्त संस्था, काही ठिकाणी गणेश मंडळेही अभ्यासिका चालवतात. त्यांना एक सुचवावेसे वाटते. मोठ्या दालनाला लागून दार लावता येईल अशा दोन-तीन लहान खोल्या काढाव्यात, आणि ज्याला उत्तर लिहायचे आहे त्याला तासाभरासाठी आळीपाळीने द्याव्यात. शुल्क वेगळे नको. दाराशी नाव नोंदवायला एक वही पुरेल.