पहिला कोण आला, हे विचारणं आता पुरे



युवक मेळावा असो, शाळेचं क्रीडासंमेलन असो, की भरतीला निघालेल्या पोरांसाठीची खास प्रार्थना असो, आपल्याकडे एक वचन हमखास बाहेर निघतं. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 9, वचन 24. शर्यतीत धावतात सगळे, पण बक्षीस एकालाच मिळतं, या आशयाचं. बॅनरवर तेवढंच छापतात, बाजूला धावणाऱ्याचं चित्र. मग कुणीतरी माईक घेऊन सांगतं, "तो एक तुम्ही व्हा." टाळ्या, समोसा, घरी.

मला या उपदेशाचा राग येतो. तो अर्धा वाचलेला उपदेश आहे, आणि त्याची किंमत आपली पोरं मोजतात.

कशी ते पाहायचं असेल तर पहाटे पाच वाजता बाहेर पडा. सौंसरला जा नाहीतर पांढुर्ण्याला, संत्र्याच्या बागांच्या कडेने, नागपूरच्या रस्त्याला पोरं धावताना दिसतील. मुलीही असतात, दोघी-तिघींच्या जोडीने, कारण एकटीला घरचे सोडत नाहीत. बहुतेकांच्या डोक्यात एकच आकडा : सोळाशे. लष्कराच्या भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण 60 गुण. त्याहून उशीर झाला की गुण कमी, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की घरी. त्या आकड्याशी माझं भांडण नाही. तो भाकरीचा आकडा आहे. ज्याच्या बापाची संत्री भाव पडल्यावर व्यापारी मागेल त्या दराने जातात, त्या पोराला "नोकरीच्या मागे लागू नकोस" असं सांगणं मला जमणार नाही.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. निवड झालेल्याचं नाव मिस्सानंतर वाचलं जातं, त्याला हार घालतात, फोटो ग्रुपवर फिरतो. बाकीचे मागच्या बाकांवर. वय निघून गेलं की ते धावणंच सोडतात. तीन-तीन वर्षं रोज पहाटे उठलेला मुलगा विचारल्यावर सांगतो, "टीचर, मी तर आऊट झालो." शर्यत त्याची नव्हती, आकडा त्याचा नव्हता, निकालही दुसऱ्याने दिला, तरी "आऊट" हा शब्द त्याने स्वतःच्या नावापुढे लावून घेतला. आणि ज्याची निवड झाली त्याचं तरी कायमचं काय मिळालं? अग्निवीर म्हणून चार वर्षं. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. म्हणजे हार घातलेल्यांतलेही बरेच जण चार वर्षांनी याच रस्त्यावर परत येणार. तेव्हा त्यांना कोणतं वचन ऐकवणार आहोत?

आता संत पौल खरंच काय म्हणतो ते पाहू. करिंथ शहराजवळ इस्थमसला दर दोन वर्षांनी खेळ भरत. त्या लोकांना शर्यत ठाऊक होती. तिथे दुसरा-तिसरा नंबर नसायचा, मुकुट एकालाच मिळायचा, आणि तोही पाल्याचा : कधी पाईनच्या, कधी रानभाजीच्या वाळलेल्या पानांचा. आपले वक्ते 24 व्या वचनावर थांबतात. पौल पुढच्याच वचनात सांगतो की असला मुकुट कोमेजून जातो, आपला तसा नाही. आणि 26 व्या वचनात तो स्वतःबद्दल बोलतो : मी कुठे जायचं ते ठरवल्याशिवाय धावत नाही. दुसऱ्याला मागे टाकण्याबद्दल तिथे अक्षर नाही. पुढे आयुष्याच्या शेवटी, तीमथ्याला लिहिताना, तो म्हणतो की धाव संपवली. पहिला आलो असं म्हणत नाही. मुकुट तर मला एकट्यालाच नाही, वाट पाहणाऱ्या सगळ्यांना मिळणार, असं तो तिथेच लिहितो. मग "एकालाच" हा आपला सिद्धान्त कुठून आला?

शुभवर्तमानातही एक शर्यत आहे, आपलं लक्ष जात नाही एवढंच. पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि दुसरा शिष्य कबरेकडे धावत सुटले. दुसरा जास्त वेगाने धावला आणि आधी पोचला, हे योहानाने आवर्जून लिहून ठेवलंय. (मला नेहमी वाटतं, ही नोंद करताना त्याला थोडी गंमत वाटली असणार.) आधी पोचला तो बाहेर थांबला, मागून आलेला पेत्र आत गेला. रिकामी कबर दोघांनीही पाहिली. पण पेत्राच्या मनातून बहुधा ते गेलं नाही, कारण पुढच्याच अध्यायात तो त्याच शिष्याकडे बोट दाखवून येशूला विचारतो की याचं काय? येशू त्याला जवळजवळ झापतो : त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये.

"याचं काय" हा आपला आवडता प्रश्न आहे. शेजारच्या पोराचं काय झालं, त्याचा नंबर कितवा, तिने किती मिनिटांत काढलं. हल्ली मोबाईलवर किलोमीटरचा वेग मोजणारं ॲप असतं, रोज सकाळी स्टेटसला टाकायचा आणि दुसऱ्याचा बघून खट्टू व्हायचं. एका झेंड्यासाठी दोन गावं कशी भिडतात आणि किती डोकी फुटतात, हे जाम नदीकाठच्या माणसाला मी काय सांगणार.

यावर मला एक उत्तर ठरलेलं मिळतं : "म्हणजे पोरांना थोडक्यात समाधान मानायला शिकवायचं का?" नाही. अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, जिचं केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे. सियाचीनला ड्यूटी केली. धावपटू म्हणून तयारी सुरू झाली ती फौजेत गेल्यावर. 3000 मीटर स्टीपलचेस हा त्याचा प्रकार, म्हणजे धावता धावता अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायचा. 1981 पासून टिकलेला गोपाळ सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम त्याने 2018 मध्ये भुवनेश्वरला मोडला, आणि मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला.

आता आकडे नीट वाचा. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला तो 8 मिनिटे 18.12 सेकंदांत धावला. नवा राष्ट्रीय विक्रम, पण गटात सातवा. अंतिम फेरीबाहेर. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 8 मिनिटे 19.50 सेकंदांत धावला आणि सुवर्णपदक मिळालं. म्हणजे ज्या वेळेने तो बाहेर पडला ती सोन्याच्या वेळेपेक्षा वेगवान होती! आणि 8 मिनिटे 10 सेकंदांच्या आत तो पहिल्यांदा आला 2024 च्या पॅरिस डायमंड लीगमध्ये, 8 मिनिटे 9.91 सेकंदांत. त्या दिवशी नंबर कितवा? सहावा. आपल्या मेळाव्यात त्या दिवशी त्याला साधं प्रमाणपत्रही मिळालं नसतं.

नंबर हा तुमच्या शेजारी कोण धावतंय यावर ठरतो. ते तुमच्या हातात नाही. तुमची वेळ तुमच्या हातात असते, आणि तीही पूर्ण नाही, कारण ऊन, आजार, नळीच्या हाडाचं दुखणं या गोष्टी असतातच. साबळेने नंबरालाच यश मानलं असतं तर टोकियोनंतर त्यानेही "आऊट झालो" म्हणून बूट टांगले असते.

स्वतःचं लक्ष्य ठरवणं म्हणूनच सोपं काम नाही. ते नंबरापेक्षा कठोर असतं, कारण तिथे कारण सांगायला दुसरा कुणी नसतो. आणि "सगळेच विजेते" म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पदक अडकवणारी जी नवी टूम निघाली आहे, तीही मला मान्य नाही. ज्याने काही ठरवलंच नव्हतं त्याने काय मिळवलं, हे कसं सांगणार? गलतीकरांच्या पत्रात, सहाव्या अध्यायात, पौल प्रत्येकाला स्वतःचं काम स्वतः तपासायला सांगतो, दुसऱ्याशी तुलना न करता. तपासायला. नुसतं कौतुक करून घ्यायला नाही.

म्हणून लक्ष्य धावण्याआधी ठरवा आणि वहीत लिहा. आज सोळाशेला 7 मिनिटे 10 सेकंद लागतात तर सहा आठवड्यांनी पावणेसात. भरतीचा आकडा वेगळ्या पानावर, कारण तो दाराचा आहे, तुमचा नाही. एखाद्या मुलीचं लक्ष्य एवढंच असू शकतं की आठवड्यातून चार दिवस ग्राउंडवर पोचायचं. आमच्या गावांत त्यासाठी जेवढी लढाई करावी लागते तेवढी सोळाशे मीटरला लागत नाही. साखर असलेल्या काकूंचं लक्ष्य अर्धा तास न थांबता चालणं-धावणं. पाच तालांत दिलेल्या नोकराला आणि दोन दिलेल्याला वेगळे शब्द मालकाने वापरले नाहीत, मत्तयाचा 25 वा अध्याय उघडून बघा, शाबासकी अक्षरशः तीच आहे. रागावला तो ज्याने पुरून ठेवलं त्याच्यावर.

पुढच्या सणाच्या खेळांसाठी मी युवक मंडळापुढे एक मागणी ठेवली आहे. तीन ट्रॉफ्या हव्या तर राहू द्या. पण महिनाभर आधी प्रत्येक धावणाऱ्याची वेळ घ्या, त्याने किंवा तिने ठरवलेली वेळ शेजारी लिहा, आणि सणाच्या दिवशी ती वही माईकवरून वाचा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं. वेळ फार जाईल, असा आक्षेप आला. भाषणं दोन कमी करू, असं मी म्हटलं. निर्णय अजून व्हायचा आहे. ज्यांना वेळ नोंदवायची आहे त्यांनी शनिवारी पहाटे साडेपाचला ग्राउंडवर यावं. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, वहीही.