जीप उंच केली, ट्रेलरचं काय?

जीप तीन इंच उंच करण्यावर हजारो डॉलर उधळणारे आमच्या कोलोरॅडोतले हौशी लोक ट्रेलर जोडायच्या मागच्या हिचकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्या मते पहिला खर्च तिथेच हवा. गाडी उचलली की हिचही वर जातो, ट्रेलरचं नाक आकाशाकडे वळतं आणि हिचच्या बॉलवरचा भार घटतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा वळवळतो.

उंची बदलता येणारा हिच तसा साधाच. भोकं पाडलेली उभी दांडी, तिच्यावर वरखाली सरकणारा बॉल, अडकवायला पिना. ट्रेलर सपाट जागी समतल उभा करा, बॉलवर बसणाऱ्या त्याच्या कपलरची जमिनीपासूनची उंची मोजा, बॉल तिथे आणा. झालं! मात्र बहुतेक चारदारी जीप रँग्लर ३,५०० पौंडच ओढतात. हिचवर १०,००० कोरलंय म्हणून गाडीची ताकद वाढत नाही, हे आमच्या शेजाऱ्यांना अजून पटत नाही.

आणि मोआबसारख्या खडकाळ प्रदेशात शिरण्याआधी ट्रेलर सोडून दांडी काढून ठेवा. लोंबती राहिली तर दगडावर आधी तीच आपटते, मग जीप उंच केली कशाला?