हात काळे झाले म्हणून काय बिघडलं?

गेल्या महिन्यात एका सोमवारी ऑफिसात गेलो तेव्हा माझ्या नखांत काळं होतं. दोनदा साबण, एकदा घासलेट, एकदा लिंबू आणि साखर, सगळं करूनही ते गेलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने फाइल पुढे सरकवताना ते पाहिलं आणि विचारलं, "काय रे, शेत नांगरलंस काय?" म्हटलं, नाही, गाडीचा कॅमशाफ्ट बदलला. घरी, स्वतः. त्यावर तो जे बोलला त्यामुळे हा लेख लिहावा लागतोय. म्हणाला, "गॅरेजवाले सगळे मेले काय? बी.ए. मराठी केलंस आणि शेवटी मिस्त्री झालास!"

सगळे हसले. मीही हसलो. पण वाचकहो, ते 'शेवटी' मला अजून टोचतंय. शेवटी म्हणजे काय? मिस्त्री होणं म्हणजे घसरत घसरत तळाला पोचणं, असंच ना?

आधी गाडीविषयी सांगतो. अ‍ॅम्बॅसेडर, मार्क फोर, १९८६ची, बाबांनी घेतलेली. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. हे इंजिन मूळचं इंग्रजांच्या मॉरिसच्या घराण्यातलं, १९५०च्या दशकातलं. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसेडर बनायची थांबली ती २०१४च्या मे महिन्यात. म्हणजे गाडी म्हातारी खरी, पण अनाथ नव्हे.

पावसाळ्यानंतर ती चढावर दम टाकू लागली. कार्ब्युरेटरमधून मधूनच 'फट्' असा आवाज यायचा आणि टॅपेट कितीही सेट केले तरी टकटक थांबत नव्हती. दोन गॅरेजमध्ये नेली. एकाने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, इंजिन गेलं, भंगारात घाला. दुसऱ्याने उघडलं, कान लावला आणि डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिला. 'नक्की काय बिघडलंय?' हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. लोक म्हणतात, ज्याचं काम त्याने करावं. कबूल. पण ज्याचं काम तो करतच नसेल तर?

तिसरे भेटले एक सत्तरीतले मिस्त्री. आता गुडघ्यांमुळे गाडीखाली जात नाहीत. रॉकरचं झाकण काढून त्यांनी मला हँडलने इंजिन हळूहळू फिरवायला लावलं आणि म्हणाले, "बाबा, आठही पुशरॉड किती वर येतात ते बघ." बघितलं. सात सारखे येत होते, आठवा अर्ध्यावरच थांबत होता. निदान झालं! कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा झिजून गेला होता. तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. तो पुरता उघडत नाही, जळालेला धूर आतच कोंडतो आणि इनटेक उघडला की मागे उसळतो. तोच तो 'फट्'. यात इंजिन 'गेलं' कुठे? नवे कॅमशाफ्ट आणि टॅपेट बेळगावला जुन्या सामानाच्या दुकानात मिळाले.

इंजिनचा क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे त्याच्या अंगावरचे उंचवटे ठरवतात. इतकं साधं आणि इतकं देखणं यंत्र चाळीस वर्षं माझ्या पुढ्यात होतं आणि मी दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आपल्याकडे हे छान जमतं. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू लावायचं, आणि यंत्राला हात लावणाऱ्या माणसाला वर्षभर 'अरे ए' म्हणायचं.

काम सोपं होतं असं मी म्हणणार नाही. 'कोणीही रविवारी करू शकतो' म्हणणारेही असतात, त्यांच्यावरही माझा राग आहे. मला चार रविवार आणि दोन रजा लागल्या. रेडिएटर आणि ग्रिल काढली, रॉकर आणि पुशरॉड काढले, पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवले. पुढच्या पुलीचा तो मोठा नट, ज्यात हँडल अडकवतात, त्याने एक अख्खा रविवार खाल्ला. मग टायमिंगचं कव्हर, चेन, एसी पंप, डेल्को आणि त्याच्या खालचा दातेरी दांडा. शेवटी चेंबर उतरवून ऑइल पंप काढला, कारण त्याचा दांडाही कॅमशाफ्टच्या दात्यांत अडकलेला असतो. बाजूच्या झाकणांतून टॅपेट बोटांनी उचलून घेतले. मग कॅमशाफ्ट पुढून ओढायचा, हळू, फिरवत, आतली बुशं न खरवडता. (गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. ठोकळे लावा. हे शंभरदा सांगितलं तरी कमीच.)

नवा कॅमशाफ्ट आणि जुने टॅपेट हा संसार टिकत नाही. जुना टॅपेट जुन्या उंचवट्यासारखा झिजलेला असतो, तो नव्याला खाऊन टाकतो. चारशे रुपये वाचवायला गेलात तर पुन्हा हेच सगळं करावं लागतं. शिवाय बसवताना उंचवट्यांवर दाट वंगण चोपडायचं आणि इंजिन सुरू होताच ते आयडलवर न सोडता वीसेक मिनिटं दोन हजारांच्या आसपास फिरतं ठेवायचं, कारण कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः खालच्या क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलवर ते पुरत नाही. ऑइलही पाहून घ्यायचं. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास नको म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधलं झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं, आणि या जुन्या टॅपेटना नेमकं तेच लागतं.

आता माझी फजिती. सगळं जोडलं, स्टार्टर मारला आणि कार्ब्युरेटरमधून तोफेसारखा बार उडाला. पुन्हा मारला, पुन्हा बार. शेजारचे गच्चीवर आले. माझ्या पोटात गोळा आला, कारण सुरू न होता जितकं फिरवाल तितकं ते चोपडलेलं वंगण पुसलं जातं. हात धुतले, चहा घेतला आणि मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "डेल्को घातलास तेव्हा पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले होते काय?" नव्हते. पिस्टन वर होता, पण धूर फेकण्याच्या फेरीत. म्हणजे ठिणगी बरोब्बर उलट्या वेळी पडत होती. दांडा काढून अर्धा वेढा फिरवून बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती वीस मिनिटं बायको अ‍ॅक्सिलरेटरवर आणि मी बॉनेटखाली. लग्नाला सतरा वर्षं झाली, इतक्या एकमताने आम्ही क्वचितच काही केलं असेल.

तर मुद्दा असा की ही चूक मी केली, पण ती का झाली हे मला कळलं. आणि हे कळणं माझ्या बी.ए.च्या विरुद्ध आहे असं कोणी ठरवलं? कार्यकारणभाव हा शब्द मी कॉलेजात शिकलो, त्याचा अर्थ मला गॅरेजच्या फरशीवर समजला.

भाषेचं तर विचारूच नका. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून आपण गोव्यात किती भाषणं ऐकली! मीही टाळ्या वाजवल्यात. पण हे इंजिन उघडताना माझ्यापुढे होतं ते इंग्रजी मॅन्युअल. मराठीत मला असं एक पान सापडलं नाही. मराठी होती ती मिस्त्रींच्या तोंडात. डेल्को, चेंबर, एसी पंप, पॅकिंग, आटे गेले, दात चुकला, बुश खाल्लं. यातले निम्मे शब्द बाहेरचे आहेत म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक मला माहीत आहेत. त्यांनी 'डिस्ट्रीब्युटर'ला दिलेला प्रतिशब्द घेऊन एकदा दुकानात जावं, काय हातात पडतं ते पाहावं. जी भाषा कामाला जुंपलेली आहे तिला आपण भाषा धरत नाही आणि जी सभागृहात बसून आहे तिची काळजी वाहतो.

जुन्या गाड्या धूर ओकतात हा आक्षेप मला मान्य आहे. तपासा, मोजा, नापास झाली तर जाऊ द्या. पण मोजण्याऐवजी वय पाहणं हा आळस आहे. २०२३च्या १ एप्रिलपासून सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर रद्द होते, मग ती उत्तम चालत असली तरी. खाजगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क २०२२ साली सहाशेवरून पाच हजार झालं आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. मी सरकारी नोकर, नियम पाळतो, दहा हजार भरीन. पण ज्या गाडीत एक उंचवटा झिजला होता तिला 'गेली' म्हणणाऱ्या त्या गॅरेजवाल्यात आणि या नियमात मला फारसा फरक दिसत नाही. उघडून कोणीच बघत नाही.

असो. मिस्त्रींकडून शब्द लिहून घेण्याचं काम सुरू केलंय, वहीची तेवीस पानं झाली. तुमच्या गावचे मिस्त्री एखाद्या भागाला वेगळं काही म्हणत असतील तर कळवा, कोणत्या गाडीचा भाग तेही लिहा. आणि फोंड्याच्या आसपास कोणाची मार्क फोर अडून बसली असेल तर पुली ओढायचा ओढा माझ्याकडे आहे. रविवारी या. इंची पाने तुमचे तुम्ही आणा, माझा अर्ध्या इंचाचा एकाने नेलाय तो अजून परत आलेला नाही.