समुद्री गवत मोजायचं तर वर्षभर मोजा

उथळ समुद्रात वाळूत मुळं रोवून वाढणाऱ्या समुद्री गवताला फुलं येतात, बी धरतं. किनारी नियमन क्षेत्राच्या 2019च्या अधिसूचनेत या गवताच्या कुरणांना सीआरझेड-1अ, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा वर्ग दिला आहे. प्रत्यक्षात मात्र कुरण कुठे आहे आणि त्यात कोण राहतं, हे ज्या पाहणीवरून ठरतं तिची वेळ कोणती, यावर या संरक्षणाची किंमत ठरते. आपल्याकडे अनेक प्रकल्पांच्या पर्यावरण आघात मूल्यांकनाला पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती चालते. ही पद्धत बंद व्हायला हवी. का, ते शंखशिंपल्यांकडे पाहिलं की कळतं.

समशीतोष्ण समुद्रांत हे गवत वसंतात जोर धरतं आणि पुढे पानं दाट होतात. पानांवर सूक्ष्म शेवाळाचा थर बसतो आणि तो खरवडून खाणारे इवलेसे शंख त्यावर पोसतात. यातल्या बऱ्याच जातींचं आयुष्य साधारण वर्षभराचं. त्यामुळे नवी पिढी आली की पानोपानी गर्दी होते, आणि हिवाळी वादळांनी पानं झडली की अन्न आणि आसरा एकदमच जातो. मुळांच्या जाळ्यात पुरून राहणारे शिंपले मात्र पुष्कळदा काही वर्षं जगतात. त्यांची संख्या इतकी हेलकावत नाही. म्हणजे तीच जागा फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये दोन वेगळ्या याद्या देते. एकीवरून निर्णय घेतला तर दुसरीतले जीव सरकारदरबारी जन्मालाच येत नाहीत.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर ऋतूंची ही साखळी तुटल्यावर काय होतं ते दिसलं. तिथल्या ईलग्रास गवतावर 1930च्या दशकात रोग पडला आणि ऑगस्ट 1933च्या चक्रीवादळाने उरलंसुरलं नेलं. त्याबरोबर बे स्कॅलप या शिंपल्याची मासेमारी बुडाली. या शिंपल्याचं पिल्लू पाण्यात काही दिवस तरंगतं आणि मग तंतूंनी गवताच्या पानाला चिकटतं. तळावरच्या खेकड्यांपासून तेवढीच सुटका. मोठं झालं की ते तळाशी उतरतं. पुरं आयुष्य एक-दोन वर्षांचं, त्यामुळे पिल्लं चिकटण्याच्या दिवसांत पानं नसतील तर अख्खी पिढी हातची जाते.

रॉबर्ट ऑर्थ आणि व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गवत परत आणलं तेही ऋतू पाळूनच. वसंतात बी धरलेले तुरे काढायचे, उन्हाळाभर बी टाक्यांमध्ये जपायचं, शरदात पेरायचं. दोन दशकांत सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या. पेरणी 213 हेक्टरांवर झाली, आणि गवत पसरलं सुमारे 3,600 हेक्टरांवर. बे स्कॅलपही तिथे पुन्हा सोडले गेले.

त्याच रोगात अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरची ‘लोटिया अल्व्हियस’ ही छोटी गोगलगाय कायमची गेली. ती फक्त ईलग्रासच्या पानावर जगायची. कमी खारट पाण्यात थोडं गवत तगलं, पण तिथे तिला राहता येईना.

पाण्याचा खारेपणा हा आपल्याकडे तर कळीचा मुद्दा. गोव्याच्या आणि कोकणच्या खाड्यांत ‘हॅलोफिला बेकारी’ हे नखाएवढ्या पानांचं समुद्री गवत सापडतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ जात म्हणून आहे. पावसात नद्या गढूळ, गोडं पाणी घेऊन खाडीत उतरतात. खारेपणा घसरतो, उजेड तळापर्यंत पोचत नाही, गाळ बसतो. खाडीचं वर्ष याच चार महिन्यांत वळण घेतं, आणि पाहणीतून वगळले जातात तेही हेच महिने. ओहोटीला तिसऱ्या, मुळे, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना कोणत्या महिन्यात काय मिळतं हे पाठ असतं. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी आपण बंद ठेवतो, म्हणजे समुद्राला ऋतू असतात हे शासनालाही मान्य आहे. मग मूल्यांकनातच ते का नसावेत?

पूर्व किनाऱ्यावर पाल्कच्या उपसागरात समुद्र खवळण्याचा काळ ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तिथे 2022 साली समुद्री गवतावर जगणाऱ्या डुगाँग या सस्तन प्राण्यासाठी 448 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्या कुरणांचं वेळापत्रक कोकणच्या वेळापत्रकाने ठरवता येणार नाही. प्रत्येक किनाऱ्याचं पंचांग वेगळं धरावं लागेल.

वर्षभर पाहणी म्हणजे खर्च आणि विलंब, असा आक्षेप येतो. बंदर शंभर वर्षांसाठी बांधायचं असेल तर एक वर्ष थांबणं हा विलंब नव्हे. पावसात होडी घालता येत नाही म्हणून मोजणीच होत नाही, हेही पूर्ण खरं नाही; उघड्या पडणाऱ्या खाडीच्या पात्रात ओहोटीला चालत जाऊन मोजता येतं.

माझी मागणी साधी आहे. समुद्री गवत असलेल्या किंवा असू शकणाऱ्या जागी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वर्षातून किमान चार वेळा मोजणी व्हावी आणि त्यातली एक भर पावसात असावी. गवताच्या क्षेत्राबरोबर पानांवरचे शंख आणि मुळांतले शिंपले वेगवेगळे नोंदवावेत. शिंपले वेचणाऱ्या बायकांना मानधन देऊन या कामात घ्यावं. आणि चारही नोंदी असल्याशिवाय कोणताही प्रस्ताव मंजुरीच्या टेबलावर येऊ नये.