पत्रकाराच्या नावाचं मैदान

रिओ दि जानेरोचं मराकाना स्टेडियम जगभरच्या फुटबॉलवेड्यांना ठाऊक आहे. त्याचं अधिकृत नाव मात्र ‘पत्रकार मारियो फिल्यो स्टेडियम’ असं आहे. मारियो फिल्यो एक क्रीडा दैनिक चालवत. हे मैदान मराकाना भागातच व्हावं म्हणून त्यांनी त्या दैनिकातून जोरदार मोहीम चालवली होती. ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीय खेळाडूंवरचं त्यांचं १९४७चं पुस्तक आजही अभ्यासलं जातं. १९६६मध्ये ते गेले आणि मैदानाला त्यांचं नाव मिळालं. २०२१मध्ये ते बदलून पेलेचं नाव देण्याचा ठराव रिओच्या विधानसभेनं मंजूर केला, पण गव्हर्नरांनी तो फेटाळला. पत्रकाराचं नाव कायम राहिलं.

हा मान योग्यच आहे. शेवटची शिटी वाजली की खेळ संपतो. त्यानंतर तो चाहत्यांच्या मनात टिकतो, तो बऱ्याच अंशी कुणीतरी जीव ओतून लिहिलं म्हणून.

याच मैदानावर १६ जुलै १९५० रोजी ब्राझील आणि उरुग्वे समोरासमोर आले. जगज्जेतेपदासाठी ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. फ्रियासाच्या गोलमुळे यजमानांना आघाडीही मिळाली. मग स्कियाफिनोनं बरोबरी साधली आणि ७९व्या मिनिटाला गिगियानं गोलरक्षक बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्यातल्या फटीतून चेंडू आत धाडला. उरुग्वे २, ब्राझील १. त्या सामन्याची उपलब्ध चित्रफीत तुटपुंजी आहे. तरी तेव्हा जन्मही न झालेले चाहते त्याविषयी डोळ्यांनी पाहिल्यासारखं बोलतात, कारण त्यांनी तो वाचला आहे. उरुग्वेचे लेखक एदुआर्दो गालेआनो यांनी १९९५च्या आपल्या फुटबॉलवरच्या पुस्तकात विजयी कर्णधार ओब्दुलियो व्हारेलाची ती रात्र सांगितली आहे. व्हारेला जल्लोष सोडून रिओच्या बारमध्ये गेला आणि रडणाऱ्या ब्राझीलवासीयांच्या गळ्यात हात टाकून पीत बसला. बार्बोसाला त्याच्या देशानं अखेरपर्यंत माफ केलं नाही. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षं भोगतो आहोत, असं तो म्हणे. २-१ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

मारियोंचे भाऊ नेल्सन रॉद्रिगेस हे ब्राझीलचे थोर नाटककार. तेही फुटबॉलवर स्तंभ लिहीत. मार्च १९५८मध्ये सांतोस संघाच्या एका सतरा वर्षांच्या पोराला त्यांनी आपल्या स्तंभात राजा म्हणून टाकलं. तो पोरगा म्हणजे पेले. तीन महिन्यांनी स्वीडनमधल्या विश्वचषकात त्यानं सहा गोल केले, त्यांतले दोन अंतिम सामन्यात. जगानं मुकुट चढवण्याआधी एका लेखकानं तो चढवला होता.

लेखणीनं नुसती वर्णनंच केली असंही नाही. डिसेंबर १९५४मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हज संघानं हंगेरीच्या होनवेदला ३-२ असं हरवलं आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी वुल्व्हजला जगात अव्वल ठरवून टाकलं. ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाचे गाब्रिएल हानो, स्वतः फ्रान्सकडून खेळलेले, यांनी त्यावर लिहिलं की आधी वुल्व्हजनं मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावं. आणि युरोपभरच्या क्लबांची स्पर्धाच का भरवू नये? १९५५मध्ये ती स्पर्धा सुरू झाली. आज आपण रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघतो, तिचं मूळ एका वर्तमानपत्राच्या पानात आहे.

आता तर प्रत्येक गोल क्षणात मोबाइलवर येतो, मग वाचायचं कशाला? २०२२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. निकाल सगळ्यांना त्याच रात्री कळला होता: ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२. फ्रान्सच्या एम्बापेची हॅटट्रिकही सगळ्यांनी पाहिली. पण पहिला तासभर फ्रान्स इतका निष्प्रभ का होता? अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी दी मारियाला डाव्या बगलेवर उतरवलं होतं. तिथूनच त्यानं पेनल्टी मिळवली, दुसरा गोलही त्यानंच केला आणि फ्रान्सच्या देशाँ यांना मध्यंतराआधीच दोन आघाडीवीर बदलावे लागले. डोळे चेंडूमागे धावत असताना हे निसटतं. दुसऱ्या दिवशी कुणी नीट उलगडून लिहिलं की तोच सामना नव्यानं कळतो आणि पुढचा सामना पाहणारी नजर तयार होते.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. बंगालीत मोती नंदी यांनी क्रीडा पत्रकारिता करता करता ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या कादंबऱ्या लिहिल्या. १९९०च्या विश्वचषकात कोलंबियाचा गोलरक्षक हिग्विटा गोल सोडून फार पुढे आला आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलानं त्याच्याकडून चेंडू हिसकावून गोल केला. त्याच हिग्विटाच्या नावानं मल्याळममध्ये एन. एस. माधवन यांनी कथा लिहिली आणि ती त्या भाषेतली गाजलेली कथा ठरली.

मराठीत प्रेमाची कमतरता मुळीच नाही. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं आणि विश्वचषकात पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक उभे राहतात. गोव्यानं ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कर्णधार दिला. वि. वि. करमरकरांनी मराठी वर्तमानपत्राच्या क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या वाट्याला आपल्याकडे बहुधा वृत्तसंस्थेच्या बातमीचा घाईतला अनुवादच येतो. रात्री जागलेल्या वाचकाला त्यात आदल्या रात्री कळलेला निकालच पुन्हा मिळतो.

संपादकांनी विश्वचषकापुरती नव्हे, तर वर्षभर, आठवड्यातून एकदा तरी फुटबॉलला ऐसपैस जागा द्यावी आणि ती खेळ जाणणाऱ्या माणसाच्या हाती सोपवावी. असे लिहिणारे कोल्हापूरच्या पेठांत आणि मडगावच्या मैदानांवर सापडतील. वाचकांनीही चांगला लेख दिसला की संपादकांना तसं आवर्जून कळवावं, म्हणजे पुढचा लेख छापणं त्यांना सोपं जाईल.