सरळ जोड आणि अर्धा पीळ

कागदाची एक लांब पट्टी घ्यावी. तिचे एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकास चिकटवावे आणि मधोमध पेन्सिलीने रेघ ओढीत जावे. पेन्सिल न उचलता ती रेघ कागदाच्या दोन्ही अंगांवरून फिरून मूळ जागी येते. कारण त्या पट्टीला आता दोन अंगे उरलेलीच नसतात. ऑगस्ट मोबियस व योहान लिस्टिंग या जर्मन गणितज्ञांना ही आकृती १८५८ साली स्वतंत्रपणे गवसली.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील उपाहारगृहांत नाणे टाकताच आपोआप वाजणारे पियानो आले. त्यांचे संगीत कागदाच्या गुंडाळीवर छिद्रांच्या रूपाने साठवलेले असे. छिद्र यंत्रातील भोकासमोर आले, की हवा आत शिरे, झडप हले, भाता आखडे आणि हातोडी तारेवर पडे. डावीकडची छिद्रे खर्जाची, उजवीकडची तार सप्तकाची. अडचण एकच होती. गुंडाळी संपली की ती उलटी गुंडाळावी लागे. तेवढा वेळ यंत्र मुके आणि गिऱ्हाईक ताटकळलेले! न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील लिंक कंपनीने कागदाची टोकेच एकमेकांस जोडली. कागद पेटीत सैल घड्यांनी पडे व पुन्हा वर खेचला जाई. उलट गुंडाळण्याचे कामच संपले.

जोडताना अर्धा पीळ दिला असता, तर तेवढ्याच कागदात दुप्पट संगीत मिळाले असते, असा मोह कोणासही व्हावा. छिद्र तर आरपार असते. त्याला पाठपोट नसते. परंतु दुसऱ्या फेरीत कागदाची डावी कड उजवीकडे जाते. खर्जाच्या जागी तार सप्तक येते, चढते सूर उतरते होतात. लय तीच राहते, चाल मात्र ओळखू येत नाही. मूळ गाणे परतते ते तिसऱ्या फेरीत.

याउलट, कारखान्यातील माल वाहणाऱ्या पट्ट्यास तोच पीळ दिला, तर झीज दोन्ही अंगांवर सारखी वाटली जाते. बिले छापणाऱ्या काही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिबिनीतही हीच युक्ती असते. तिचा वरचा व खालचा भाग आळीपाळीने कामी येतो. पट्ट्यास आणि रिबिनीस डावे-उजवे सारखेच. गाण्यास तसे नाही.

एका पेढीत फळलेली काटकसर दुसरीकडे नेताना म्हणूनच आधी पाहावे, की बाजू पालटली तर तेथे काय बदलते. लिंकच्या पियानोत टोके सरळच जोडलेली होती. कागद कितीही वेळा फिरला, तरी नाणे टाकणाऱ्याच्या कानी गाणे सुलटेच पडत असे.